हप्त्याहप्त्यानं बाप्तिस्मा

"पायाले कान नसतात व सुशीला! तोंड मिट आन् धुव!"

चमेलीबाईचा हा आवाज सुशीलाबाईच्या कानात अजून होता. छत्तीसगडातल्या एका मिशनच्या दवाखान्यात चमेलीबाई मोठी आया होती आणि ही सोळा वर्षांची नवखी. पेशंटच्या पायावर पाणी कमी आणि प्रभूचं वचन जास्त ओतायची, म्हणून तो फटका. पुढं पस्तीस वर्षं नोकरी झाली. चमेलीबाई मातीला गेली. सुशीलाबाई गोंदियाला येऊन कुडव्यात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहिली. धुणं ती शिकली होती. मिटणं तेवढं राहून गेलं होतं.

कुडव्यातली ख्रिस्ती मंडळी म्हणजे टिनाचं छप्पर, तीस खुर्च्या, एक कीबोर्ड आणि पास्टर अतुल. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी तिथं पाय धुण्याचा विधी असे. प्रभूनं पेत्र वगैरे शिष्यांचे धुतले, म्हणून पास्टरनं बारा जणांचे धुवायचे. आणि ते बारा जण घरूनच टाचा दगडानं घासून, साबण लावून, पावडर थापून येत. परक्या माणसाला मळका पाय द्यायचा म्हणजे शोभा नाही! २००६ साली तर रचनाताई नेलपॉलिश लावून आली.

पास्टरनं परातीत गुलाबपाणी ओतलं, तशी मागच्या खुर्चीवरून सुशीलाबाई म्हणाली, "पास्टरजी, याच्याहून मळकी त माझी ताटं राहतात. पेत्र का पार्लरमधून आला होता?"

तीसच्या तीस खुर्च्या हसल्या. पास्टरचे कान लाल झाले. "मग तुम्हीच जा ना मावशी. मळका पाय सापडला तर धुवा. प्रभू आशीर्वाद देवो."

बोलून गेला बिचारा. इतक्या वर्षांत त्याचं सांगणं कुणी खरंच ऐकलं नव्हतं, त्यामुळं त्याला भीती नव्हती.

पाय तर सुशीलाबाईच्या गल्लीतच होता. कुंजीलाल शिंप्याचा. डावा पाय गुडघ्याखाली उंबराच्या खोडासारखा फुगलेला. वर बाराही महिने लुंगी. कुणी विचारलं तर म्हणे, "सायकलवरून पडलो होतो, तवापासून सूज आहे." अकरा वर्षं झाली, सूज काही सायकल विसरेना. पण अलीकडं बोटांच्या बेचक्यांत जखमा झाल्या होत्या, महिन्याला थंडी वाजून ताप भरे, आणि मशीनचं पायडल मारताना त्याच्या डोळ्यांत पाणी येई. पायाला वास सुटला होता. गिऱ्हाईक ब्लाऊजचं माप द्यायला दारातच थांबायचं.

सुशीलाबाई साबण घेऊन दारात उभी राहिली.

"कुंजीलाल, पाय दाखव."

"कायले?"

"हत्तीपाय आहे तो. म्या हजार पाहिले."

कुंजीलालनं सुई तोंडातून काढली. "हळू बोल वो बाई! पोरीची सोयरीक जमून राहिली." त्याची खुशबू, बायकोमागं एकट्यानं वाढवलेली. स्थळ आमगावचं. मुलाचा काका यादोराव गल्लीतच तीन घरं सोडून राहायचा. "हत्तीपायाच्या घरची पोरगी कोन करते? सांग."

"डासानं होते ते. पोरीच्या रक्तात नाही जात."

"हे यादोरावले समजते का?"

सुशीलाबाई उंबऱ्यातच खाली बसली. ती म्हणाली, "रोज साबणानं धुतला, बेचक्या कोरड्या केल्या, मलम लावलं, त ताप येनं थांबते. पाय बारीक नाही होत, पन मशीन चालते."

"आन् मंग मले बाटवशील."

"तुले बाटवून येशूले काय भेटते गा? त्याले का पॅन्ट शिवायची आहे?"

कुंजीलालला हसू आलं, पण अटी घातल्याच. दार लावून धुवायचं. कुणाला सांगायचं नाही. आणि धुताना येशूचं नावही काढायचं नाही.

पहिल्या दोन अटी सोप्या. तिसरी तिला जड गेली. पण वचन दिलं.

मग रोज सकाळी सातला बादली, साबण आणि मऊ फडका घेऊन सुशीलाबाई जाऊ लागली. पाय पाटावर घ्यायचा, घडीघडीतून बोट फिरवायचं, नव्या बाळाची मान पुसावी तशा बेचक्या टिपायच्या. नाव जिभेवर येई आणि गिळलं जाई. तोंड रिकामं ठेवायची सवय नाही, म्हणून तिनं धानाच्या रोवण्याचं गाणं धरलं:

*पाय गं चिखलात, मन माहेराले,*
*कोन गं धुवंल पाय सांजवेळाले.*

कुंजीलाल डोळे मिटून ऐके. तिसऱ्या महिन्यात ताप चुकला. चौथ्या महिन्यात मशीनचा आवाज पुन्हा गल्लीभर खडखडू लागला.

आता कुंजीलालच्या दारासमोर नंदलालची पानटपरी. नंदलालला पान लावायला दोन मिनिटं लागत आणि बाकीचा दिवस मोकळा. त्यानं पाहिलं: ख्रिश्चन बाई, बंद दार, आत पाणी ओतल्याचा आवाज, वर गाणं. त्यानं हिशेब मांडला आणि गल्लीला सांगितला.

"बाप्तिस्मा चालू आहे!"

"अबे, बाप्तिस्मा एकदाच राहते ना?"

"तो नदीतला. हा हप्त्याहप्त्यानं. रोज एक बादली. कोनाले समजलं नाही पाहिजे म्हनून."

गल्लीला हे पटलं. एका रविवारी सकाळी पंधरा-वीस माणसं सुशीलाबाईच्या दारात उभी. पुढं नंदलाल, बाजूला हाताची घडी घातलेला यादोराव, मागं घरमालक भैयालाल. पास्टर अतुल प्रार्थनेला निघाला होता, तो स्कूटर बंद करून थबकला.

"सांग बाई," नंदलाल म्हणाला, "दार लावून त्या मानसाचं काय करून राहिली?"

सुशीलाबाईनं तोंड उघडलं आणि मिटलं.

"पाहा! बोलत नाही."

"मावशी, सांगा ना काय ते," पास्टर कुजबुजला.

"वचन दिलं आहे."

"येशूची शपथ आहे का?"

"येशूचं नाव काढाची मनाई आहे," ती म्हणाली, आणि एवढ्यातही कुणीतरी फिस्सकन हसलं.

भैयालाल हसला नाही. "मले लफडं नाही पाहिजे, मावशी. उद्या खोली खाली करा."

तिच्या डोळ्यांपुढं बादली आली, पाट आला. आपण गेलो तर या पावसाळ्यातच त्या बेचक्या पुन्हा सडणार. एक वाक्य बोललं की सुटका होती. पण यादोराव दोन हातांवर उभा होता आणि त्या वाक्यावर खुशबूचं लग्न टांगलेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं दातांवर दात धरले. ते मिटणं धुण्याहून जड होतं.

"बरं," ती भैयालालला म्हणाली. "उद्या जातो."

गल्लीच्या टोकाचं मशीन थांबलं.

कुंजीलाल येत होता. एका हातानं भिंत धरून, बापाच्या मागं खुशबू. "सांगून टाका, बाबा," ती म्हणाली, त्यानं मान डोलावली. माणसांनी वाट दिली. तो सुशीलाबाईच्या पायरीवर बसला, लुंगीची कड धरली, आणि गुडघ्यापर्यंत वर घेतली. सकाळच्या उन्हात पाय स्वच्छ होता, कोरडा होता, आणि फार मोठा होता.



"पाहून घ्या," कुंजीलाल म्हणाला. त्याचा आवाज फाटला. त्यानं तो खाकरून नीट केला. "यादोराव, तुमी बी जवळ या. सायकलवरून मी कधी पडलोच नाही. हत्तीपाय आहे मले. अकरा वर्षांपासून. हे बाई तो धुते."