मोटेवरचं व्याकरण

मी इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक बोलतोय. लगेच खाली मान घालू नका, मी आज काही विचारणार नाही. आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारूनच मी बदनाम झालो. आता म्हातारपणी चार गोष्टी स्वतःच्या सांगाव्यात, एवढीच इच्छा आहे.

माझा जन्म पुण्याच्या एका छापखान्यातला. अंगाला शाईचा वास होता तोवरच मला सांगलीला धाडलं, पायगोंडाअण्णांच्या दुकानात. पाट्या, पेन्सिली आणि शाईच्या पुड्या यांच्या शेजारी मी दोन वर्षं उभा होतो. अण्णा जैन. माझ्या पानात कसर दिसली की ते ती कागदाच्या कपट्यावर अलगद घेत आणि बाहेर झाडाखाली सोडून येत. किड्याला काही लागलं नाही ना, हे आधी बघत. त्यानं माझं कुठलं पान खाल्लं, ते नंतर.

एकोणीसशे चाळीस साली लालासाहेब दुकानात आले. कडेगावच्या अलीकडच्या एका गावचे शेतकरी, पहिल्या लढाईतले हवालदार, आता पेन्शनीत. मिशा पिळदार, एक पाय जरा अधू. बरोबर धाकटा मुलगा सयाजी होता.

"इंग्रजी शिकायचं पुस्तक दावा," ते म्हणाले. अण्णांनी चार काढली. हवालदारांनी एकही उघडलं नाही. चारही हातावर तोलून पाहिली आणि सगळ्यांत जड निघालो तो मी पसंत पडलो. मला तेव्हा भारी अभिमान वाटला. सयाजीचा चेहरा मात्र उतरला होता.

सुरुवातीला सयाजीबरोबर मी साताऱ्याच्या बोर्डिंगात राहिलो. पोरगा कष्टाळू, पण माझ्याशी त्याचं जमेना. बाकीचे विषय सुटायचे, माझ्यापाशी येऊन गाडं रुतायचं. त्यात त्याचा थोरला भाऊ मानसिंग फौजेत गेला आणि समुद्रापार लढाईवर रवाना झाला. घरी मोट धरायला कुणी उरलं नाही. मॅट्रिकच्या वर्षी सयाजीनं बोर्डिंग सोडलं, घरी आला आणि बाहेरून परीक्षेला बसायचं ठरवलं.

मग माझं बिऱ्हाड विहिरीवर आलं. मी विहिरीच्या काठावर, मोटवणाच्या दगडावर, आणि सयाजी बैलांमागं. क्रियापदाची तीन रूपं पाठ करायची त्यानं एक युक्ती काढली. मोटेच्या दोरावर, नाड्यावर बसून बैलांच्या धावेच्या उताराला लागला की पहिलं रूप. मोट वर येऊन थारोळ्याच्या दगडी कुंडात ओतली की दुसरं. बैल मागं सारताना तिसरं. "गो" म्हणत खाली जायचा, पाणी धबकन पडलं की "वेन्ट", आणि मागं येताना लांब सूर लावून "गॉन". इतर मोटकरी गाणी म्हणत, आमच्या विहिरीवर इंग्रजी चाले. दिवसाला शंभर मोटा म्हणजे शंभर क्रियापदं. मी खूश होतो. असा विद्यार्थी मला कुठं मिळणार होता?

त्याची आई शालूबाई खाली दारं धरायची, म्हणजे पाटाचं पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात फिरवायची. तिला अक्षरओळख नव्हती, पण कान तिखट. महिन्याभरात खालून तिचा आवाज यायला लागला, "सयाजी, काल 'ब्रॉट' म्हणला हुतास. आज निराळंच काय म्हणतोस रं?" सयाजी मला उघडून बघायचा. तिचंच बरोबर निघायचं.

त्रेचाळीसच्या मार्चात सयाजी परीक्षा देऊन आला तो तोंड पाडूनच. निकाल लागला, तेव्हा इंग्रजीत नापास.

"येत हुतं गं आई सगळं," तो म्हणाला. "पण बाकावर बसलो नि पहिल्या रूपाच्या म्होरं काय सुचंना. पाणी पडल्याबिगर दुसरं रूप याचंच न्हाई."

मी हसलो नाही. चूक त्याची तशीच माझीही होती. शंभर मोटांच्या आनंदात त्याला एकदाही बसून म्हणायला लावावं, हे मला सुचलं नव्हतं.

लालासाहेबांनी रात्रीचं जेवण उरकलं. हात धुऊन मग म्हणाले, "कडेगावला भरतीचा साहेब आला हुता. त्याला सांगून आलोय. म्होरल्या साली पास झाला तर ठीक. न्हाई तर सयाजी फौजेत."

शालूबाईच्या हातातलं ताट खाली ठेवलं गेलं. एक मुलगा आधीच लढाईवर होता. त्याचं पत्र चार-चार महिने येत नसे, आणि पोस्टमन वळणावर दिसला की ती पदर सावरून उभी राहायची. आता दुसराही जायचा, आणि तो जाणार की राहणार हे माझ्यावर येऊन ठरलं. इतकं ओझं मला कधी वाटलं नव्हतं. अण्णांच्या दुकानात माझं वजन मिरवणारा मी, त्या रात्री त्या ओझ्यापुढं फार हलका ठरलो.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर शालूबाईनं कासोटा घट्ट केला आणि बैलांचा कासरा हातात घेतला.

"तू त्या दगडावर बस," ती मुलाला म्हणाली. "पुस्तक मांडीवर नगं, बाजूला ठेव. मोट मी हाकते. मी इचारीन, तू बसून सांगायचं."

आमच्या भागात बाई मोट हाकत नाही. पण ती नाड्यावर बसली आणि उताराला लागली. तिची परीक्षा माझ्यापेक्षा कडक होती. उताराला लागताना ती तिसरं रूप विचारायची, पाणी पडताना पहिलं. मध्येच गप्प राहायची आणि बैलांना पाणी पाजताना अचानक "टेक" म्हणायची. सयाजी गडबडायचा, मोटेकडं बघायचा. "मोटंकडं बघू नगं. मोट तुज्यासंगं परीक्षेला येणार न्हाई," ती म्हणायची. मी पुष्कळ मास्तर पाहिले होते. असा पाहिला नव्हता.

गावात बोभाटा झाला. हवालदाराची बायको इंग्रजी मोट हाकते म्हणून माणसं बांधावर येऊन बघायला लागली. चौथ्या दिवशी लालासाहेब काठी टेकत विहिरीवर आले. माझी पानं आखडली.

"उतर खाली," ते म्हणाले. "चावडीवर तोंड दावायची सोय ठेवली न्हाईस."

शालूबाईनं बैल थांबवले, पण कासरा सोडला नाही. "आवं, तुमी आयुष्यभर लढाईच्या गोष्टी सांगितल्या. लढाईत कवा घाबरलाव, ते कवाच सांगितलं न्हाई. एकदा सांगा आन मग माझ्या सयाजीला न्या."

लालासाहेबांनी काठी खाली ठेवली. मग तिथंच, माझ्या शेजारी दगडावर बसले.

"आमच्या पलटणीत एक कारकून हुता," ते म्हणाले. "माझ्याच वयाचा, आपल्याच मुलखातला. त्याला इंग्रजी येत हुतं. तो तंबूत बसून लिवायचा, आमी खंदकात मरणाच्या भ्यानं पडून. तवाच ठरवलं हुतं, आपली पोरं लिवणारी करायची. थोरल्याला न्हाई जमलं माज्याच्यानं. धाकट्याला भ्या दावल्याबिगर तो शिकंल, असं वाटंना."

"म्हंजी खोटंच भ्या दावलं?" शालूबाईनं विचारलं.

"न्हाई. साहेबाला शबुद दिलाय. पास न्हाई झाला तर धाडावं लागंल."

एवढं सांगून लालासाहेब उठले, तिच्या हातातला कासरा घेतला आणि अधू पाय ओढत बैलांमागं गेले. "तू पोरापाशी बस. मोट मी बघतो." त्या दिवसापासून मार्चपर्यंत हवालदारांनी मोट हाकली. बैलांना ते कवायतीच्या आवाजात दटावायचे आणि ती बिचारी जनावरं कान टवकारून चालायची. दगडावर मायलेकरं समोरासमोर बसलेली असायची. माझी गरज फक्त भांडण झालं तरच पडे. मला या माणसांची इतकी माया लागली, की माझ्यातले अवघड नियम काढून टाकता आले असते तर मी ते खुशाल काढले असते.

चव्वेचाळीसच्या निकालाचं वर्तमानपत्र बघायला लालासाहेब स्वतः कडेगावला गेले. परत आले ते थेट विहिरीवर. शालूबाई पाण्यात उभी होती.

"साहेबाच्या कागदावरनं नाव काडून आलो," ते म्हणाले.

ती वाफ्याच्या बांधावर मटकन बसली आणि रडली. फुटलेला पाट कितीतरी वेळ तसाच वाहत होता, आणि लालासाहेबांनीही तो बांधला नाही.

पुढं सयाजी साताऱ्याला शाळेत मास्तर झाला. लढाई संपल्यावर मानसिंगही सुखरूप घरी आला. तो फडाफडा इंग्रजी बोलायचा आणि त्यात माझा एकही नियम पाळलेला नसायचा. मी ऐकून घ्यायचो.

सेहेचाळीसच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी सयाजी घरी आला, तो मला न्यायला. नवी पुस्तकं महाग झाली होती आणि वर्गातल्या मुलांना व्याकरण पाहिजे होतं. पण मी भिंतीतल्या माझ्या नेहमीच्या देवळीत नव्हतो. खंडेनवमीची पूजा मांडली होती. घोंगडीवर विळे, खुरपी, कुऱ्हाड, नांगराचा फाळ आणि लालासाहेबांची जुनी संगीन, आणि त्यांच्या मधोमध मी, हळदीकुंकू लावून.

सयाजी हसला. "आई, पुस्तक सरस्वतीपाशी ठेवत्यात. ही हत्यारं हायती."

"मला ठावं हाय," शालूबाई म्हणाली आणि माझ्यावर झेंडूचं फूल ठेवलं. "ही संगीन माणसाला लढाईला नेती. ह्यानं माज्या ल्योकाला जाऊ दिलं न्हाई. ह्याला मानाचं पान नगं?"

सयाजीनं मला नेलं नाही. वाकून माझ्या पाया पडला, संगिनीच्याही पडला आणि जेवायला आत गेला.

आता माझ्या पुठ्ठ्यावर कुंकवाचा डाग आहे, तो निघत नाही. मला कुणी उघडत नाही. माझ्यासारखी पुस्तकं शेवटी वाचकांना गळ घालतात, मला वाचा, मला विसरू नका. माझं मागणं उलट आहे. तुम्हांला इंग्रजी शिकायचं असेल तर खुशाल दुसरं पुस्तक घ्या. मला इथंच राहू द्या, शालूबाईच्या घरी.