दालचिनीचा खल आणि घड्याळजींचा डावा डोळा

मित्रांनो, मी एक जुना दगडी खल आहे आणि माझा राग अजून उतरलेला नाही.

पाथरवटाने टाकीचे घाव घालघालून माझं पोट कोरलं. पुढे एका घड्याळजींच्या स्वयंपाकघरात मिरी, लवंग, दालचिनी कुटण्यात माझी अर्धी हयात गेली. मिक्सर आला आणि त्यांच्या बायकोने मला दाराला टेकण म्हणून लावलं. एवढ्या सेवेचं हे बक्षीस.

तिथून मला उचललं त्यांच्या लेकीने. ती प्रयोगशाळेत होती. दालचिनीच्या सालीतली द्रव्यं मधुमेहावर उपयोगी पडतात का, हे ती शोधत होती. "यंत्रात साल तापते आणि तिचा वास उडतो," ती म्हणाली. "याच्यात गार राहते." मग काही वर्षं मी तिच्या टेबलावर मानाने राहिलो. सालीचा अर्क दिलेल्या उंदरांची साखर खरोखरच थोडी उतरली. मला केवढी ऐट आली! माणसांचं काय, ते मात्र अजून कळायचं होतं. हे ती भेटेल त्याला सांगायची. पण ऐकतंय कोण?

काम संपलं तशी तिने मला घरी आणून ठेवलं. घड्याळजींना स्वतःलाच मधुमेह होता. शेजारच्या दुकानातले चष्मेवाले काका त्यांना म्हणाले, "लेकीने औषध शोधलं, आणि बाप अजून गोळ्या गिळतोय? शोभतं का?"

घड्याळजी नुसते हसले. पण दुसऱ्या दिवसापासून ते माझ्यात दालचिनी कुटून गरम पाण्याबरोबर घेऊ लागले आणि गोळी घड्याळांच्या मोडक्या चाकांच्या डब्यात टाकू लागले. बायकोला वाटायचं, गोळी पोटात गेली. असे कितीतरी महिने गेले. मी दगड, बोलणार कसा? बत्ता पडला की ठण्ण वाजायचो, तेवढंच.

एका सकाळी मनगटी घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग त्यांना दिसेना. डाव्या डोळ्यापुढे काळं जाळं आलं होतं. लेक धावत आली, त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. साखर भलतीच वाढली होती आणि डोळ्याच्या आत रक्त उतरलं होतं. घरी आल्यावर घड्याळजींनी तो डबा स्वतःच तिच्यापुढे सरकवला.

"हे काय, बाबा?"

"तुझ्या औषधावर भरवसा ठेवला."

"मी औषध म्हटलं होतं कधी?"

ते हळूच म्हणाले, "म्हणजे तुझं काम खोटं होतं?"

"खरं होतं. पण अर्धं होतं, बाबा. उरलेलं अर्धं तुमच्या डोळ्यांवर नव्हतं करायचं मला."

"तो दगड आधी बाहेर फेक," आई कडाडली. वा! म्हणजे गुन्हेगार मी. लेकीने मात्र मला धुऊन पुन्हा ओट्यावर ठेवलं.

आता घड्याळजी फक्त भिंतीवरची घड्याळं दुरुस्त करतात. मनगटी घड्याळ आलं की मान हलवून परत देतात. परवा चष्मेवाले काका पुन्हा आले. "कारल्याचा रस घेऊन बघा, गोळ्यांची कटकटच मिटेल." घड्याळजींनी त्यांच्यादेखत गोळी तोंडात टाकली आणि ते वर पेलाभर पाणी प्यायले.

मित्रांनो, माझ्यात दालचिनी खुशाल कुटा, भाजीत घाला. कंटाळलात तर मला पुन्हा दाराशी नेऊन ठेवा, मी कुरकुरणार नाही. पण डॉक्टरांच्या गोळीच्या जागी मला बसवू नका. ती जागा माझी नाही.