चुण्या पडलेला पडदा

मी एक जुना पडदा आहे. मित्रांनो, खिडकीचा नव्हे, टोकावड्याच्या गोजर आजीच्या उजव्या डोळ्याच्या आतला. सकाळचे धुके, माळशेजचे डोंगर, वालाची फुले, सगळे आधी माझ्यावर उतरते, तेही उलटे. मेंदू ते सरळ करतो आणि कौतुक त्याचेच होते. असो.

मग काचबिंदू झाला. डोळ्याच्या आत फिरणारे पाणी, अश्रू नव्हेत, नीट बाहेर जाईना, दाब वाढला आणि माझ्या कडेचे, बाजूचे दाखवणारे धागे गुपचूप मिटत गेले. आजी दाराच्या चौकटीला धडकू लागली, तेव्हा तिच्या मुलाने, सुनिलने, तिची शस्त्रक्रिया करवली. पाण्याला नवी वाट मिळाली. पण दाब इतका उतरला की मी सैल पडलो, माझ्यावर चुण्या पडल्या. त्या दिवसांत डोंगर लाटांसारखे दिसायचे आणि एसटी नागमोडी होऊन घाटाकडे जायची. खरे सांगतो, मला ते स्वप्नासारखे वाटायचे.

आजीला नाही आवडले. तव्यावरची भाकरी तिला वेडीवाकडी दिसली, हाताने चाचपली तर गोल. ती चुलीपाशीच रडली.

"शेजारची काशी मोतीबिंदू काढल्यावर सुईत दोरा ओवते. माझा डोळा बिघडवला. आता दवाखान्यात नाय जायचा मला, नि थेंब पन नाय घालायचं."

मी घाबरलो. उपचार सुटले असते तर माझे उरलेले धागेही गेले असते. सुनिलने मात्र समजूत काढून तिला मुरबाडला नेले. डॉक्टरीणबाईंनी माझ्यात डोकावून पाहिले.

"मावशी, मोतीबिंदू वेगळा, काचबिंदू वेगळा. यात गेलेली नजर परत येत नाही, आहे ती राखायची. दाब फार उतरलाय, म्हणून चुण्या पडल्यात. जड उचलू नका, डोळा चोळू नका, तपासायला येत राहा."

आजीने ऐकले. दाब हळूहळू जागेवर आला, माझ्या चुण्या निघाल्या, भाकरी गोल दिसू लागली. कडेचा अंधार तेवढा राहिला. त्याचे वाईट वाटते.

पुढच्या तपासणीला आजी खुर्चीतून उठली आणि सुनिलला म्हणाली, "आता तू बस. हा रोग घराण्यात उतरतो, बाई बोलल्या."

"मला काय झालाय? माझा डोळा दुखत नाय."

"माझा पन नव्हता दुखत रे."

सुनिल खुर्चीत बसला. मित्रांनो, आम्हा पडद्यांना दुखणे ठाऊकच नाही, तेव्हा आमची चौकशी तुम्हीच करा.