ओळख पटवणारं चित्र

नागोराव वनस्पतिशास्त्र शिकवायचे, पण त्यांनी एकच ध्यास घेतला होता. बीएस्सीच्या पोरांना चित्रकला आली पाहिजे. "जो हातानं काढत नाही, तो डोळ्यानं बघत नाही," असं ते प्राचार्यांना सांगत राहिले. शेवटी नव्वद सालच्या पावसाळ्यात प्राचार्य कंटाळून म्हणाले, "घ्या शनिवारी वर्ग. निकाल घसरला तर तुम्ही जाणा."

वर्गात वांकिडी गावची मनकर्णा होती. बाप शाळेत शिपाई. घरात बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, तेवढीच काय ती चित्रं. नागोरावांनी प्राणिशास्त्राच्या खोलीतली कवटी तिच्यापुढे ठेवली. "कातडीखाली काय आहे ते आधी शोध." दिवाळीपर्यंत पोरगी चेहरे असे काढू लागली की बघणारा चपापायचा. आपल्या समाजाची पोर म्हणून नागोरावांची छाती फुगायची.

हिवाळ्यात कॉलेजात पोलिसांची जीप आली. जंगलातल्या ओढ्यात एका तरुणाचं प्रेत सापडलं होतं. फोटो काढला होता, पण चेहरा सुजून ओळखू येत नव्हता.

"मास्टरसाब, सुना है आपकी एक लडकी चेहरा हूबहू बनाती है," फौजदार म्हणाला.

प्राचार्यांची कळी खुलली. कलावर्गाचा काहीतरी उपयोग निघाला होता.

मनकर्णा मागे सरली. "सर, मले भेव लागते."

"तो कोण हाये ते कळलं, तं त्याची माय रडून तरी घेईन," नागोराव म्हणाले. त्यांना ते मनापासून वाटत होतं.

दवाखान्यामागच्या खोलीत ती स्टुलावर बसली. सूज मनातल्या मनात उतरवत, हाडांवरून हात फिरवल्यासारखी पेन्सिल चालवत राहिली. मिटलेले डोळे तिनं उघडे काढले. नागोराव नाकाला रुमाल लावून उभे होते. चादर सरकली तेव्हा त्यांना छातीवरची गोळ्यांची भोकं दिसली. त्यांनी चादर पुन्हा वर ओढली.

चित्राच्या प्रती बसस्टँडांवर लागल्या. नार्नूरकडची चंद्रभागा बाजाराला आली होती. ती खांबापुढे थांबली आणि तिथंच खाली बसली. तिचा थोरला पोरगा, भिवाजी. ती रडत ठाण्यात गेली. प्रेत केव्हाच पुरलं होतं. पोलिसांनी तिला पाणी दिलं, गावाचं नाव विचारलं, भिवाजीबरोबर जंगलात कोण कोण होतं, घरी कोण कोण येतं ते विचारलं. दुसऱ्या दिवशी जीप तिच्या घरापुढे उभी राहिली आणि तिच्या धाकट्याला घेऊन गेली. तो परत आला तो बाजेवरून. पुढं त्याला चालता आलं नाही.

चित्र काढणारीला शोधत आलेल्या चंद्रभागेनंच हे सगळं कॉलेजच्या व्हरांड्यात सांगितलं. नागोरावांना वाटलं, बाई आता शिव्या देईल. पण तिनं मनकर्णेचा हात धरला.

"पोलिसायनं ते खांबावरले कागद फाडले, बाई. घरी त्याचा फोटो नाई. मले एक काढून दे."

मनकर्णेनं कागद घेतला. चंद्रभागा सांगत होती, कपाळ असं, हसला की गालाला खळी पडे. पेन्सिल पुष्कळ वेळ चालली. चित्र झालं तेव्हा त्यातला माणूस डोळे मिटून होता.

"मी त्याले हासताना पाह्यलं नाई वो, माय," मनकर्णा म्हणाली.

चंद्रभागेनं तरी कागद पदरात घेतला.

त्यानंतर मनकर्णा वर्गाला आली नाही. नागोराव वांकिडीला गेले. ती अंगणात तुरी पाखडत होती.

"सर, तुमाले ती भोकं दिसली होती ना?"

"दिसली होती."

"मंग बोलले काऊन नाई?"

तिनं सूप उचललं आणि ती घरात गेली.

मार्चमध्ये ठाण्याकडून कॉलेजच्या कौतुकाचं पत्र आलं. प्राचार्यांनी ते विद्यापीठाला दाखवून कलावर्ग कायम करून घेतला. नागोरावांनी वर्ग सोडला. त्यांच्या जागी दुसऱ्या मास्तरांना नेमलं, आणि जूनमध्ये चाळीस पोरांनी नावं घातली.