भुकेल्या डोळ्यांची जाहिरात

किला गेटच्या होर्डिंगवर आपला चेहरा झळकणार, हे सीमंतिनी मोहितेने अर्ध्या ग्वाल्हेरला सांगून ठेवलं होतं. अर्धं म्हणजे तिचा दहावीचा वर्ग, कोचिंगची बॅच आणि दाना ओली बाजारातले झाडून सगळे दुकानदार. आता माघार नव्हती. जाहिरात नव्या पिझ्झाच्या दुकानाची, तिच्या व्हिडिओतलाच एक फोटो होर्डिंगवर जाणार होता, आणि तिला फक्त एक घास खाऊन म्हणायचं होतं, "भूख लगी? तो आ जाओ!"

शूटिंगला एकटीने जायचं नाही, या बाबांच्या अटीवर शालिनीआत्या सोबत आली. त्या दिवशी संकष्टी. आत्याच्या पोटात सकाळच्या चहापलीकडे काही नव्हतं आणि चंद्र उगवेपर्यंत जाणारही नव्हतं.

"बेटा, चबाना है, निगलना नहीं," शूटिंग करणाऱ्या संग्रामसिंहने समजावलं. "कट बोलूँ, तो बाल्टी में थूक देना. बड़े-बड़े स्टार यही करते हैं."

स्टार करतात म्हटल्यावर सीमंतिनीची काय हरकत असणार! पहिला टेक झाला, ती ऐटीत बादलीकडे वळली, आणि समोर आत्या.

"सिमे! अन्न थुंकतेस?"

तिने घास गिळला.

"आणि तो तुकडा कुठे ठेवतेस? उष्टा केलायस ना? मग संपव."

"आत्या, अगं ही शूटिंग आहे!"

"असू दे. पानात टाकायचं नाही म्हणजे नाही. मोहित्यांच्या घरात तुझ्या बाबांनी कधी शीत टाकलंय का विचार."

झालं. दर टेकला नवा तुकडा आणि दर तुकडा सीमंतिनीच्या पोटात. एकदा चीजची तार तुटली. एकदा टेम्पोवाल्याने ऐन वेळी भोंगा वाजवला. एकदा तिचे केसच चीजमध्ये गेले. संग्रामसिंह "वन मोअर!" म्हणायचा आणि पुढचा तुकडा तिच्या हातात यायचा. चवीचं कौतुक तर केव्हाच संपलं होतं. आता ओव्हनचं दार उघडलं तरी तिला मळमळत होतं.

"अरे यार, आँखों में भूख लाओ! भूख!"

"कुठून आणू? मतलब, कहाँ से लाऊँ, भैया?" ती रडकुंडीला आली. "पेट फट जाएगा मेरा!"

तिने कसाबसा आणखी एक तुकडा उचलला, तोंडापाशी नेला, वाक्य सुरू केलं, "भूख लगी? तो..." आणि कॅमेऱ्यासमोर सणसणीत ढेकर दिली.

लाइटवाला खो खो हसला. संग्रामसिंहने कपाळाला हात लावला, वैतागून मान फिरवली, आणि तसाच थांबला. भिंतीशी खुर्ची टाकून बसलेली आत्या सीमंतिनीच्या हातातल्या त्या वाफाळत्या तुकड्याकडे एकटक बघत होती. ओठ किंचित उघडे. डोळ्यांत उपासाची अख्खी दुपार.

"कैमरा उधर! दीदी, हिलिए मत! बेटा, तू पिज़्ज़ा वहीं पकड़ के रख!"

एका टेकमध्ये ओके.

पंधरवड्यात होर्डिंग लागलं. सीमंतिनी मैत्रिणींना टाळून गुपचूप बघायला गेली, तर रुचिका आधीच तिथे उभी.

"सिमी, ये आंटी कौन है? एकदम गजब! बट तू कुठेय?"

सीमंतिनीने दात आवळून होर्डिंगच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "तो हात दिसतोय ना? पिझ्झावाला? तो माझा आहे."

"बस हाथ?"

"हो. बस हाथ!"

घरी आली तर आत्या आरशासमोर पदर सारखा करत होती. "सिमे, चल गं, त्या बोर्डाखाली माझा एक फोटो काढून दे. बिडलानगरच्या माम्यांना पाठवायचाय."

"तू तर तो पिझ्झा चाखलासुद्धा नाहीस, आत्या!"

"मग? संकष्टी होती," आत्या शांतपणे म्हणाली. "आज नाहीये. फोटो काढून झाला की दोघी खाऊ."

"मी नाही खाणार!"

"बरं. मग एकच मागवू. तू नुसता हातात धर."