तेरावी नोंद

भाऊजींनी पहिल्या दिवशी काय केलं असेल, तर शेळ्यांची हजेरी घेतली. हे माझे धाकटे दीर. बत्तीस वर्षं कचेरीत हेडक्लार्क होते, आता निवृत्त झाले तरी कानावरची पेन्सिल काही निवृत्त झालेली नाही. सोमवारी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. पुढे दीड महिना मला गोठ्यात पाऊल टाकायला बंदी, आणि तेवढे दिवस माझ्या बारा शेळ्या यांच्या हवाली. शिकवायला हातात आठ दिवस.

"वहिनी, बाराच्या बारा हजर," ते म्हणाले.

"हजर आहेत हो. पण बऱ्या आहेत का?"

"म्हणजे?"

कप्पाळ माझं. "नुसत्या मोजू नका, बघा," मी म्हटलं. "रवंथ कोण करत नाही, कळप सोडून एकटी कोण बसलीय, खाणं कुणी टाकलंय, पाय कोण टेकत नाही. शेळी दुखणं लपवते. मागे पडली तर कळप तिच्यासाठी थांबत नाही, हे तिला ठाऊक असतं. ती सांगणार नाही, आपणच ओळखायचं."

त्यांनी ते शब्दन् शब्द लिहून घेतलं. मग विचारलं, "रवंथाला वेगळा रकाना करू का?"

दुसऱ्या दिवशी शेळ्या चरायला न्यायच्या होत्या. मी कुंपणाला टेकून बघत होते. म्हातारी म्हणजे माझी सगळ्यांत जुनी शेळी. भाऊजी तिला मागून दोन्ही हातांनी ढकलत होते, आणि ती चारी पाय रोवून उलट त्यांनाच रेटत होती. "अहो, ढकलू नका," मी ओरडले. "पुढे चाला, ती येते मागोमाग. आणि वळून बघायचं नाही. बघितलंत की ती थांबते." तरी फाटकापर्यंत तीनदा वळले. उंटावरून शेळ्या हाकणारे मी पुष्कळ पाहिलेत, चष्म्यावरून हाकणारा हा पहिलाच.

लेक रोज फोनवर विचारायची, काका शिकले का? मी म्हणायची, पालथ्या घड्यावर पाणी. तिला धास्ती वेगळीच होती. कारण ऑपरेशन मी याआधी दोनदा पुढे ढकललं होतं. एकदा तिघी गाभण होत्या म्हणून, एकदा गोठ्याचं छप्पर गळत होतं म्हणून. डॉक्टर म्हणाले होते, आता टाळलंत तर हा पाय पुन्हा सरळ व्हायचा नाही.

शनिवारी तर कहर झाला. भाऊजींनी स्वयंपाकघरातला तराजू नेऊन धान्याच्या भरड्याचे बारा सारखे वाटे केले, गव्हाणीत ओळीने मांडले आणि सगळ्यांना एकदम सोडलं. चोरटीने नावाला जागून आपला वाटा संपवला आणि शेजारच्या चौघींचाही. दुपारी तिची डावी कूस टम्म फुगली. उभी राहायची, बसायची, दात खायची.

मी धावले. धावले म्हणजे काय, पाय ओढत गेले. तिचे पुढचे पाय पायरीवर चढवले, गोडेतेल पाजलं. भाऊजी खिसे चाचपत होते. "पेन्सिल राहू द्या, पोट चोळा," मी म्हटलं. अर्धा तास चोळलं त्यांनी, घामाघूम होऊन. शेवटी एक लांबलचक घाणेरडा ढेकर आला, आणि मला रडू यायचंच बाकी राहिलं.

"सगळ्यांना सारखं वाटलं होतं हो," ते हळूच म्हणाले.

"शेळ्यांना कुठे ठाऊक आहे ते? झालं. ऑपरेशन रद्द. तुमच्या भरवशावर यांना सोडून मी तिकडे पडून राहू? उद्याच दवाखान्यात कळवते."

ते बादली धुवायला गेले. आणि मला, खोटं कशाला बोलू, एकदम हलकं वाटलं.

दवाखान्याचा नंबर लेकीने फोनवर सांगून त्यांच्याच वहीत लिहायला लावला होता, शेवटच्या पानावर. रविवारी सकाळी ते शेळ्या घेऊन बाहेर गेल्यावर मी खिडकीतली वही उचलली. दर शेळीला एक पान. कुणाचा खूर वाढलाय, कुणाची कास गरम लागते, सगळं बरोबर. चोरटीच्या पानावर होतं, "वेगळी बांधून खायला देणे. चूक माझी." पुढचं पान उलटलं तर तेरावी नोंद.

"वहिनी. कळपापासून दूर बसतात. खाणं अर्धं, उरलेलं मांजराला. उजवा मागचा पाय टेकत नाहीत." त्यातलं 'मागचा' खोडलं होतं. "दुखणं लपवतात. विचारल्यास अंगावर येतात. उपाय: सोमवारी डॉक्टर. मागून ढकलू नये."

मेल्या माणसाने रवंथाचा रकानासुद्धा भरला होता. "दिवसभर चालू. तोंडाने."

मी वही मिटून तिथेच खुर्चीत बसले. भुलीची भीती वाटत होती मला. डोळे मिटले आणि उघडलेच नाहीत तर? दोन वर्षं हे कुणाला बोलले नव्हते. गाभण शेळ्या, छप्पर, भाऊजी, जे हाताला लागलं ते पुढे केलं. फोन केला नाही. पण जाते असंही म्हटलं नाही.

सोमवारी नऊला लेकीची गाडी फाटकाबाहेर येऊन थांबली. भाऊजींनी माझी पिशवी उचलली आणि चालू लागले.

"मी येते म्हटलेलं नाहीये," मी दारातून म्हटलं.

ते चालत राहिले.

"म्हातारीच्या खुराला औषध लावायचंय. पाणीसुद्धा बदललं नाहीत अजून."

चालतच राहिले. फाटकापर्यंत तीनदा वळणारा माणूस, आज एकदाही वळेना. माझा चष्मा त्या पिशवीत होता. त्यांच्या नावाने बोटं मोडत मी पायरी उतरले आणि मागोमाग निघाले.