घाबरट प्यादं

"चष्मेकाका, राग मानू नका, पण तुमच्या त्या घाबरट प्याद्यामुळे एकेक डाव मारुतीच्या शेपटीसारखा लांबतोय हो!" संगणकातून कंपाउंडरचा आवाज आला.

"तुम्ही हरताय म्हणून लांबतोय," मास्तरीणबाई म्हणाल्या. सगळे हसले. काकाही हसले.

आठवडाभर ते चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून चौकटीत बसवत. रविवारची दुपार मात्र बुद्धिबळाची. नेहमीचा खेळ त्यांना पुरत नसे. कधी ते पटाच्या कडा जोडून टाकत, कधी घोड्याला दोनदा उडी देत, आणि गावोगावचे हौशी लोक ते नवे डाव ऑनलाइन खेळत. जोड्या लावणं, भांडणं मिटवणं, सगळं काकांकडे. मोसम संपला की जुना डाव ठेवायचा की बंद करायचा यावर मतदान व्हायचं आणि ज्याचा नियम असेल त्याने तोंड उघडायचं नाही, ही अट त्यांचीच.

आज घाबरट प्याद्याची पाळी होती. या डावात प्रत्येक प्याद्याला एकदाच एक घर मागे येता येई.

काका गप्प बसले. मास्तरीणबाई तेवढ्या भांडल्या. बाकी सगळे विरोधात गेले.

"ठरलं तर. आजपासून बंद," काका म्हणाले आणि कॉल संपवला.

दारात बायको उभी होती. "नियम लेकीचा. मग तुमच्या तोंडाला कुलूप कशाला?"

"सगळ्यांना तो माझाच वाटतो."

"मग सांगायचं की!"

लेक लहान असताना खेळता खेळता तिने प्यादं मागे घेतलं होतं. असं चालत नाही म्हटल्यावर ती फुरंगटून म्हणाली होती, "बाबा, तो घाबरलाय. घरी जाऊन परत येईल ना!" ती नोकरीसाठी दूर गेली, तेव्हा काकांनी तो डाव सुरू केला. दर रविवारी तिला खेळायचं बोलावणं पाठवायला एक निमित्त होतं. "पुढच्या रविवारी नक्की, बाबा," असं तिचं उत्तर यायचं.

त्यांनी फोन उचलून लिहिलं, 'तुझा प्याद्याचा नियम आज रद्द झाला गं.'

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. 'माझा? कुठला नियम, बाबा?'

काकांनी काहीतरी लिहिलं, ते पुसलं. मग लिहिलं, 'काही नाही. जेवलीस का?'

"काय म्हणते?" आतून बायकोने विचारलं.

"कामात आहे."

त्यांनी संगणकावर नियमापुढची खूण काढली. झालं का नीट, म्हणून रिकामा डाव उघडला आणि राजापुढचं प्यादं एक घर पुढे सरकवलं. समोरची खेळीही स्वतःच केली आणि मग ते प्यादं मागे ओढलं. बोट उचलताच प्यादं पुन्हा पुढच्या घरात जाऊन उभं राहिलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि प्यादं पुन्हा एकदा मागे ओढून पाहिलं.